राजमाचीला हायब्रिड नेली तर चालेल का?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. सायकलवरचे धागे इथे बरेच आहेत, पण बहुतेक डांबरावरचे. मी काही वर्षं हायब्रिड चालवतोय (रस्त्याची आणि डोंगरातली यांच्या मधली सायकल; ७०० बाय ३८ चे, म्हणजे ३८ मिमी रुंद टायर, पुढे जेमतेम हलणारा शॉकअप). सकाळी खडकवासल्यापर्यंत जायचं, पोहे हाणायचे आणि परत यायचं, याचा आता कंटाळा आलाय. मातीत उतरायचंय.

डोक्यात आहे लोणावळा - तुंगार्ली - फणसराई - उधेवाडी (किल्ल्याखालचं गाव), म्हणजे राजमाची. एका बाजूने साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. चालत गेलोय, सायकलवर कधी नाही. प्रश्न असे:

ही हायब्रिड तिथे टिकेल का? नसेल तर हार्डटेल (शॉकअप फक्त पुढे) घ्यावी की थेट फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे)? दुकानात विचारलं तर "फुल सस्पेन्शनशिवाय त्या वाटेला जाऊच नका" म्हणाले. शिवाय परत लोणावळ्याला न येता कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कर्जतला उतरता येतं का, सायकल घेऊन?

पंक्चरवाला
दुकानदार आहे तो. त्याला घर चालवायचंय.

फिरस्ता_मावळ
राजमाचीची वाट सायकलवाल्यांना नवीन नाही, निवांत जा. कोरड्या दिवसांत उधेवाडीपर्यंत जीप जातात, त्यामुळे रुंदीचा प्रश्न नाही, प्रश्न दगडांचा आहे. मुठीएवढे सुटे धोंडे, मध्येच उघडा कातळ आणि उतारावर मुरूम. मुरमाखाली जमीन टणक असते आणि वर बारीक खडी सुटी असते, तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक निसटलंच म्हणून समजा.

हायब्रिड टिकेल. तुमचे हात किती टिकतील ते सांगता येत नाही. टायरमध्ये रस्त्यावर ठेवता तेवढी हवा ठेवू नका, साइडवॉलवर जी कमीत कमी मर्यादा छापलेली असते तिच्या जवळ ठेवा. पण फार कमी केलीत तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. अडतीसच्या टायरला मोकळीक कमी, म्हणून दगड चुकवत जावं लागेल.

कोंढाण्याकडून उतरायचं मात्र डोक्यातून काढा. ती पायवाट आहे, जंगलातून सरळ खाली कोसळणारी, मोठमोठ्या धोंड्यांची. निम्म्याहून जास्त वेळ सायकल तुमच्या खांद्यावर असेल.

गियर_अडकलंय
>>निम्म्याहून जास्त वेळ सायकल तुमच्या खांद्यावर

यालाच माउंटन बाइकिंग म्हणतात ना? :)

निमिषा_आर
फिरस्तांशी सहमत, पण हार्डटेलबद्दल थोडं लिहिते. एवढ्यासाठी फुल सस्पेन्शनची गरज नाही. पुढे १०० ते १२० मिमीचा एअर फोर्क (हवेवर चालणारा शॉकअप), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि सव्वादोन इंच किंवा त्याहून रुंद टायर असलेली हार्डटेल आपल्या बहुतेक वाटांना पुरते. त्याच पैशात मिळणाऱ्या स्वस्त फुल सस्पेन्शनमध्ये मागचा शॉक नावापुरता असतो, वजन वाढतं आणि पिव्होटच्या (मागच्या सांध्यांच्या) बेअरिंगा एका पावसाळ्यात कुरकुरायला लागतात.

माझ्या मते पैसे घालायचे तर आधी टायरमध्ये, मग ब्रेकमध्ये. फ्रेमवर काय लिहिलंय हे शेवटी. आणि ट्यूबलेस करून घ्या, बाभळीच्या काट्यांवर दुसरा उपाय नाही. आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असलं की काटा उपसला, चाक फिरवलं, सूं आवाज आला आणि थांबला, की पुढे निघायचं. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी हलवून बघायचं, आत डचमळल्याचा आवाज आला नाही तर भरायचं. माझं वजन साठच्या आसपास, ट्यूबलेसमध्ये बावीस-तेवीस पीएसआय हवा ठेवते. सत्तर-पंचाहत्तरवाल्यांनी पंचवीसच्या जवळ सुरू करून आपापलं ठरवावं.

सिंहगडरोडकर
@निमिषा_आर, उतारावर नेमकं काय करायचं? रस्त्यावर उतार म्हणजे मान खाली घालून सुटायचं, एवढंच ठाऊक आहे.

निमिषा_आर
सीट खाली घ्या. ड्रॉपर (बटणाने खाली जाणारा सीटचा दांडा) नसेल तर उतरून, क्विक रिलीज उघडून, हाताने. लोक आळस करतात आणि मग सीट पोटात लागते. पेडल आडवी, जमिनीला समांतर. खालचं पेडल दगडावर आपटलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. टाचा खाली, कोपरं बाहेर, गुडघे सैल, बूड सीटवरून उचललेलं. ब्रेकवर एकच बोट, बाकीची हँडलवर. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. आणि ज्या दगडाला घाबरलात त्याच्याकडे बघायचं नाही, वाट जिथून बाहेर पडते तिथे बघायचं. दगडाकडे बघितलं की सायकल दगडावरच जाते, हे कोणाला पटत नाही, पण करून बघा.

चढावर उलट. सीट वर, बूड सीटच्या पुढच्या टोकावर, छाती हँडलकडे झुकलेली. उभं राहून पेडल मारलं की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरतं. आणि जिथे जमत नाही तिथे उतरून ढकलायचं. त्यात लाज कसली.

थोरलापाटील
सगळे सायकलीचं बोलताय, वाटेचं कोणीच नाही. मी मावळातला. आमच्याकडे पावसाळ्यात आणि नंतर सुगीच्या वेळी शनिवार-रविवारी सायकलवाल्यांची रांग लागते. जीपच्या रस्त्यावरून जा, कोणाची ना नाही. पण मोबाइलवर नकाशा बघून "शॉर्टकट" म्हणून भातखाचरांच्या बांधावरून जातात. बांध मातीचा, हातभर रुंद. त्यावरून चार चाकं गेली की कड ढासळते, खाचरातलं पाणी एका रात्रीत निघून जातं. ऐन पोटरीत आलेलं भात. सकाळी जाऊन बांध कोणी घालायचा? आम्हीच.

गुरं समोर आली की घंटी वाजवत अंगावर येतात. म्हैस बुजते, सायकल नाही बुजत.

पंक्चरवाला
पाटील, बांधाचं शंभर टक्के मान्य. पण सगळे सायकलवाले एकाच माळेचे मणी नाहीत. कचरा कोण टाकतं तेही बघा. सायकलवाला पाठीवर पिशवी घेऊन चिप्सची पाकिटं किती नेणार?

थोरलापाटील
कचऱ्याचा विषय मी काढलाच नव्हता. तुम्ही काढलात.

फिरस्ता_मावळ
पाटलांच्या मुद्द्याला जोड. वाट खराब होते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक, मागचं चाक लॉक करून घसरत जाणं. त्याने मातीत चर पडते, पहिल्या पावसात पाणी त्याच चरीतून धावतं आणि पुढच्या वर्षी तिथे ओहळ झालेला असतो. दोन, चिखल चुकवायला बाजूच्या गवतातून जाणं. पायवाट एकाची तीन पदरी होते. चिखल असेल तर चिखलातून जा, नाहीतर त्या दिवशी घरी बसा.

पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची. गुरं दिसली की सायकलवरून उतरून बाजूला, गुराखी सांगेल तसं.

वैद्यकाकू
अस्थिरोग विभागात बरीच वर्षं काढलेली असल्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. सायकलवरून पडणारा माणूस हात पुढे करतो. मनगट आणि हांसळीचं हाड, ही ठरलेली दोन. हेल्मेटबद्दल सांगायला नको, पण पूर्ण बोटांचे हातमोजेही घाला. तळहात सोलवटला की घरी येईपर्यंत हँडल धरता येत नाही. गुडघ्याचे पॅड उन्हाळ्यात नकोसे वाटतात हे मान्य, उतारापुरते तरी चढवा.

घाटात खाली गेलं की रेंज जाते. घरी कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत, हे लिहून ठेवा. आणि एकट्याने नको. तिघं असलेलं बरं, एक पडला तर एक थांबतो आणि एक गावात जातो.

गियर_अडकलंय
काकू, तिघं गेले आणि तिघंही पडले तर? :दिवा:

वैद्यकाकू
मग तिघांनाही एकाच वॉर्डात ठेवते. गप्पा मारा.

दख्खनी_चाक
थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. हा खेळ कसा सुरू झाला त्याची गोष्ट मजेदार आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात काही मंडळी जुन्या, जाड टायरच्या, चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जड सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यांनी खाली सुटायची. १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी शर्यत लावली. त्या सायकलींना ब्रेक मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात), पेडल उलटं फिरवलं की लागणारा. एका उतारात हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा. खाली पोचलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरायला लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक'. गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही नावं त्याच गोतावळ्यातली. ब्रीझने १९७७ मध्ये खास याच कामासाठी फ्रेम बांधली. वीसेक वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचलासुद्धा.

चिंचोका
गोष्ट छान आहे. पण आमच्या गावचा दूधवाला रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावून, मागे कडब्याची पेंढी टाकून, धोंड्यांच्या उताराने रोज तालुक्याला उतरायचा. चप्पल घातलेला पाय पुढच्या टायरवर टेकवून वेग आवरायचा. सस्पेन्शन म्हणजे सीटखालच्या दोन स्प्रिंगा. एक थेंब दूध सांडायचं नाही. (पाणी घातलेलं असल्यामुळे सांडलं तरी त्याचं नुकसान नव्हतं, तो भाग वेगळा.)

त्याला कोणी ऑलिंपिकला नेलं नाही.

पंक्चरवाला
+१११ चिंचोका. चपलेचा ब्रेक म्हणजे खरा ऑरगॅनिक पॅड.

दख्खनी_चाक
:हहपुवा: पॅडवरून आठवलं. ऑरगॅनिक (रेझिन) पॅड आवाज करत नाहीत, पण पावसाळ्यात वाळू-चिखल मिसळला की बघता बघता झिजतात. पावसात फिरणार असाल तर मेटॅलिक घाला. मात्र आधी रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) काय छापलंय ते वाचा. स्वस्त रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' असं लिहिलेलं असतं.

कोकणी_कातळ
मी रत्नागिरीचा. घाटमाथ्याच्या लोकांनी एकदा आमच्या सड्यावर यावं. जांभ्याचा कातळ, मैलोन्मैल उघडा, मध्ये ना झाड ना कुंपण. जांभा खरखरीत असल्यामुळे कोरडा असताना टायर असा धरून ठेवतो की विचारू नका. पण त्याच्या कडा टायरच्या बाजूला कापतात, म्हणून पातळ साइडवॉलचा रेसिंग टायर आणू नका. पावसात शेवाळ धरलं की तोच कातळ बर्फ होतो.

आणि आता पाटलांसारखंच मलाही सांगायला लागतंय. सड्यावर "कुठूनही जा, मोकळंच आहे" असं वाटतं. तसं नाही. कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, उक्षी या भागांत कातळात कोरलेली चित्रं आहेत, कातळशिल्पं. हत्ती, मासे, माणसं, कशाचा अर्थ अजून लागत नाही अशा चौकटी. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की त्यावर उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही. कोरीव रेघ बोट-दोन बोटं खोल, उन्हाळ्यात मातीने भरलेली. सायकलवरून जाताना ती साधी भेग वाटते. त्या रेघेत चाक घालून वळलात की कड तुटते, आणि ती पुन्हा कोणी कोरणार नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, काही ठिकाणी भोवती दगडांचं कुंपण झालंय, पण कित्येक अजून उघडीच आहेत.

दुसरं, पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या बोटभर मातीत दीपकाडी फुलते. पांढरी, नाजूक. कोकण-गोव्याच्या सड्यांबाहेर ती उगवत नाही. जून-जुलैत सड्यावर सायकल घालूच नका. बैलगाडीच्या जुन्या वाटा आहेत, गावकऱ्यांच्या पायवाटा आहेत, त्या धरून जा. त्याही भरपूर पुरतात.

@वैद्यकाकू, फुरश्यांबद्दल लिहा की. दगडावर हात टेकायच्या आधी बघा म्हणावं.

वैद्यकाकू
कातळावर दगडाखाली फुरसं असतं, रंगाने दगडासारखंच. पंक्चर काढायला बसताना आधी काठीने जागा झोडपून घ्या. चावलं तर चोखणं, कापणं, दोरी करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. हात-पाय स्थिर ठेवून, न धावता, सर्पविषावरचं इंजेक्शन असलेल्या रुग्णालयात लवकर पोचणं हा एकच उपाय.

स्कॉटलंडची_मिसळ
लांबून वाचतेय, पण राहवेना. मी एडिंबराला असते. इथून तासाभरावर ग्लेनट्रेसचं जंगल आहे, २०२३ च्या जागतिक स्पर्धेतली माउंटन बाइकची क्रॉसकंट्री तिथेच झाली. तिथल्या वाटा खास सायकलसाठी बांधलेल्या, आणि प्रत्येक वाटेला रंग: हिरवी सोपी, मग निळी, लाल, काळी. वाट जिथे सुरू होते तिथेच पाटी असते, तुमची पातळी नसेल तर मागे फिरा म्हणून. पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून उतार कसा ठेवायचा, वळण कसं उचलायचं, याचं आधी डोकं लावलेलं असतं. त्यामुळे पाऊस रोज असूनही वाट टिकते.

यापलीकडे इथे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने सायकलवाल्यांनाही रानामाळातून जायचा हक्क आहे, फक्त "जबाबदारीने". पिकातून नाही, मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत कळपांपासून दूर, फाटक उघडलं तर लावून पुढे. पाटलांचं वाचून मला इथल्या शेतकऱ्यांचीच आठवण झाली, तक्रारी त्याच आहेत. फक्त मराठीत जास्त झणझणीत.

थोरलापाटील
ताई, आमच्याकडे हक्क लगेच कळतो. "जबाबदारीने" हा शब्द पोचायला वेळ लागतो.

दख्खनी_चाक
मिसळताईंचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण चालणाऱ्यांच्या, गुरांच्या वाटांवर सायकल घालतो आणि मग भांडतो. पुण्याच्या टेकड्यांवर रोज हेच. वेताळ टेकडीवर सकाळी आजोबा काठी टेकत चाललेत आणि मागून कोणी सुसाट येतंय. दोघांचंही बरोबर, वाट एकच. २०२३ मध्येच आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली, त्यासाठी तिथे वेगळी वाट तयार केली. पुण्या-नाशकाच्या आसपास एखादी अशी बांधलेली वाट असती तर नवशिक्याला पहिला उतार राजमाचीच्या धोंड्यांवर शिकावा लागला नसता.

पंक्चरवाला
बांधली तर पहिल्या महिन्यात तिथे वडापावची गाडी आणि दुसऱ्या महिन्यात बुलेटवाले येतील.

निमिषा_आर
वडापावला माझा पाठिंबा.

गंभीर मुद्दा: सिंहगडरोडकर, जायच्या आधी बघून घ्या की वाट अभयारण्यातून तर जात नाही ना. भीमाशंकर, कोयना या बाजूला परवानगीशिवाय आत शिरता येत नाही. ठाण्यात येऊरचं जंगलही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. "ॲपवर वाट दिसत होती" हे वनरक्षकाला सांगून उपयोग नसतो.

सिंहगडरोडकर
एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नातला एक भाग राहिला, जायचं कधी? पावसात राजमाची फार सुंदर दिसते.

फिरस्ता_मावळ
दिसते. चालत जा.

पावसात ओढे वाटेवरून वाहतात. गुडघाभर पाण्यात तळ दिसत नाही आणि कातळ शेवाळलेला असतो. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते पहिला पाऊस, गाड्यांची एवढी गर्दी असते की धूळ खात जावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे लोणावळ्याहून निघा, ऊन चढायच्या आत उधेवाडी. पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवलीत तर गरम मिळते. श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले पायी करा, सायकल गावात कोणाच्या तरी अंगणात विचारून ठेवा. पाणी तीन लिटर तरी. परतीचा चढ दुपारी अंगावर येतो, तो हिशेबात धरा.

कोकणी_कातळ
आणि देशावर काळ्या मातीत पाऊस पडल्यावर जाऊ नका. लाल चिखल सायकल घाण करतो, काळा चिखल सायकल बंद पाडतो. टायर आणि फ्रेमच्या मध्ये माती अशी थापली जाते की चाक फिरतच नाही. मग काठीने खरवडत बसा, आणि चार पावलांवर पुन्हा तेच.

सिंहगडरोडकर
डिसेंबरात दोघा मित्रांबरोबर जाऊन आलो. हायब्रिडवरच, कारण नवीन घ्यायच्या आधी बघायचं होतं. त्रोटक वृत्तांत: जाताना मजा आली. फणसराईच्या पुढे धोंड्यांच्या टप्प्यात बऱ्याचदा उतरावं लागलं. परतीच्या उतारांवर बोटं बधिर झाली, ब्रेक दाबलाय की नाही हे बघून खात्री करावी लागत होती. मित्राची हार्डटेल त्याच धोंड्यांवरून आरामात गेली. पंक्चर शून्य. उधेवाडीत पिठलं अप्रतिम. एका वळणावर म्हशी होत्या, तिघंही उतरून कडेला थांबलो. गुराख्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता वापरलेली हार्डटेल शोधतोय, २९ इंची चाकं, मीडियम फ्रेम. उंची पाच फूट सात.

गियर_अडकलंय
वृत्तांत छान, पण फोटो कुठायत? फोटोशिवाय राजमाची मान्य नाही.

चिंचोका
वापरलेली घेताना फोर्कच्या नळ्यांवर नख फिरवून बघा, ओरखडा लागला तर सील गेलेलं असणार, भाव पाडा. हँडलच्या खाली, फ्रेमच्या जोडाशी केसासारखी रेघ आहे का तेही उजेडात बघा. रेघ असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

थोरलापाटील
सिंहगडरोडकर, पुढच्या वेळी भात झोडणीच्या दिवसांत या. इंद्रायणीचा नवा तांदूळ देतो. बांधावरून नको, रस्त्याने या.